चालत्या खुर्चीपेक्षा उभ्या खुर्चीला जपा

प्रश्न: मणक्याच्या दुखापतीनंतर माझ्या वडिलांच्या (वय ६८) पायांत ताकद राहिलेली नाही. जानेवारीत त्यांच्यासाठी पॉवर व्हीलचेअर घेतली. जड आहे, घडी होत नाही, सीटखाली दोन काळ्या बॅटऱ्या आहेत. आम्ही शिवाजी पार्कजवळ राहतो. दुकानदार म्हणाला होता, एका चार्जिंगमध्ये १५ किलोमीटर जाईल. चार महिनेच झालेत, पण पार्काला दोन फेऱ्या मारून आलं की शेवटचा दिवा उरतो. आम्ही तर पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावतही नाही, मग असं का? सोसायटीच्या रॅम्पवर खुर्ची मागे येते की काय अशी धास्ती वाटते. आणि आता जून तोंडावर आलाय. पावसात बाहेर न्यावी का?

उत्तर:

ताई, मी खुर्च्या दुरुस्त करणारा माणूस. लालबागला मिक्सर आणि पंख्यांच्या मोटरी भरता भरता एकदा एक व्हीलचेअरची मोटर हातात आली, तेव्हापासून हेच करतोय. एवढ्या वर्षांत माझ्याकडे आलेल्या खुर्च्या बघून माझं एक मत झालंय. भरधाव चालताना बिघडलेली किंवा कलंडलेली खुर्ची क्वचितच येते. बहुतेक सगळं घडतं ते खुर्ची उभी असताना. बॅटरी उभ्या उभ्या मरते, माणूस उभ्या खुर्चीतून उतरताना पडतो आणि ब्रेक सोडलेली खुर्ची उभी म्हणून ठेवलेली असताना घरंगळते. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मी याच बाजूने देतो.

आधी बॅटरी. ती रोज थोडी थोडी मरतेय, आणि राग मानू नका, पण काळजी घेता घेता तुम्हीच तिला मारताय. ‘पूर्ण उतरल्यावरच चार्ज करा’ हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा. कॉर्डलेस फोन गेले, सल्ला राहिला. तुमच्या वर्णनावरून बाबांच्या खुर्चीत १२ व्होल्टच्या दोन सीलबंद लेड-ॲसिड बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले आहेत. या बॅटरीतून वीज घेतली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचा थर धरतो. लगेच चार्ज केली तर तो परत विरघळतो. उतरलेल्या अवस्थेत दोन-तीन दिवस तशीच राहिली तर त्याचे कडक स्फटिक होतात आणि पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. पिठल्याची कढई रात्रीच घासली तर निघते, सकाळपर्यंत वाळली की खरवडत बसावं लागतं, तसंच. फरक इतकाच की बॅटरी आतून खरवडता येत नाही.

म्हणून नियम साधा: ज्या दिवशी खुर्ची चालली, त्या रात्री चार्जिंग. दोनच फेऱ्या झाल्या असल्या तरी. आठ-दहा तास लागतात, तेव्हा रात्रभर लावून ठेवायला हरकत नाही. बॅटरी भरत आली की चार्जर आपोआप करंट कमी करतो. बऱ्याच चार्जरांत हिरवा दिवा बॅटरी काठोकाठ भरण्याआधीच लागतो, त्यामुळे दिवा बदलल्यावरही तास-दोन तास राहू द्या. गणपतीला गावी गेलात आणि खुर्ची मुंबईतच राहिली, तर निघण्याआधी पूर्ण भरून ठेवा आणि महिन्यातून एकदा शेजाऱ्यांना चार्जिंगला लावायला सांगा.

एक आठवण सांगतो. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. त्या दिवशी मला आलेले बहुतेक फोन ‘उतरली की लावू’ म्हणणाऱ्यांचे होते. रोज रात्री लावणाऱ्यांच्या खुर्च्या भरलेल्या होत्या, त्यांना माझी गरजच पडली नाही.

उष्णतेचंही बघा. लेड-ॲसिडचा एक ढोबळ हिशेब आहे: तापमान कायम १० अंशांनी जास्त राहिलं की आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. दुपारचं ऊन येणारी बाल्कनी किंवा फ्रिजच्या मागची जागा नको. आणि जिन्याच्या तोंडाशी किंवा फ्लॅटच्या दाराच्या वाटेत चार्जिंगला लावू नका. काही झालं तर घरातल्या सगळ्यांनी बाहेर पडायची वाट तीच असते. घडीच्या हलक्या खुर्च्यांत लिथियम बॅटरी असते, तिच्याबाबतीत तर हे दुप्पट पाळावं. तिला लेड-ॲसिडचा चार्जर कधीही लावायचा नाही, आणि फुगलेली दिसली तर वापर तिथेच थांबवायचा.

आता १५ किलोमीटरचं. तो आकडा सपाट गुळगुळीत जमीन, हलका माणूस आणि कोरी बॅटरी धरून काढलेला असतो. मुंबईत पेव्हर ब्लॉक, चढउतार, दर दहा पावलांवर थांबणं, हे सगळं धरून मी लोकांना निम्म्याचा, फार तर दोन-तृतीयांशाचा हिशेब धरायला सांगतो. पण पार्काच्या दोन फेऱ्या म्हणजे तेवढंही नाही. तेव्हा आठ-दहा रात्री ओळीने पूर्ण चार्ज करून बघा. थोडी रेंज परत येईल, सगळी नाही. टायरमध्ये हवा असेल तर तीही तपासा. किती भरायची ते टायरच्या कडेवरच लिहिलेलं असतं. हवा कमी असली की मोटर जास्त ओढते आणि दोष बॅटरीला लागतो.

एवढं करूनही फरक नाही पडला तर ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून मल्टीमीटरने मोजून घ्या. रात्रभर चार्ज करून चार्जर काढायचा, तीन-चार तास खुर्ची तशीच ठेवायची आणि मग दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजायच्या. १२.७ व्होल्टच्या वर असेल तर ठीक. १२.२ च्या आसपास म्हणजे रात्रभर चार्ज होऊनही जेमतेम निम्मी. आणि दोघींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर एक बसलेली आहे. मोजणाऱ्याला अंगठी, कडं, घड्याळ काढायला सांगा. पाना किंवा अंगठी दोन टोकांवर टेकली तर लोखंड लाल होईल इतका करंट यातून जातो.

बदलायची वेळ आली तर दोन्ही एकदम, एकाच कंपनीच्या आणि एकाच वयाच्या. सुरुवातीच्या काळात मी एका गरीब गिऱ्हाईकाचे पैसे वाचावेत म्हणून एकच बदलून दिली होती. जुनीने नवीला तीन महिन्यांत आपल्यासारखं करून टाकलं. दुसऱ्या वेळचे पैसे मी घेतले नाहीत, पण धडा माझा होता. जुन्या बॅटऱ्या दुकानदाराला परत द्या, शिशाचे पैसे वजा करून देतात.

रॅम्प. आधी टेप घेऊन खाली जा. रॅम्पची उंची आणि लांबी मोजा. आपल्याकडच्या सुगम्यतेच्या मानकांत प्रमाण १:१२ आहे, म्हणजे १ फूट चढायला १२ फूट लांबी. तीन पायऱ्यांची उंची साधारण ४५ सेंटिमीटर, त्याला सुमारे साडेपाच मीटरचा, म्हणजे १८ फुटांचा रॅम्प हवा. सोसायट्यांत काय असतं? तीन पायऱ्यांवर सहा फुटांची फरशी ओतलेली. तो १:४ झाला, १४ अंश. बऱ्याच खुर्च्यांची चढायची मर्यादा ६ ते १० अंश असते, तुमच्या खुर्चीची पुस्तिकेत लिहिलेली असेल. तेव्हा भीती खुर्चीची आहे की रॅम्पची, ते टेप सांगेल. वर गुळगुळीत ग्रॅनाइट असेल तर पावसात तो घसरगुंडी होतो. सोसायटीच्या सभेत लांबी वाढवायची मागणी करा, आणि तोवर निदान खरखरीत पट्टे तरी लावून घ्या.

जॉयस्टिक, म्हणजे खुर्ची चालवायची हाताजवळची दांडी, सोडल्यावर चढावर खुर्ची अंगठ्याएवढी मागे येऊन थांबत असेल तर घाबरू नका. यात विजेचा ब्रेक असतो आणि तो उलट्या पद्धतीने चालतो: वीज मिळाली की सुटतो, वीज गेली की आवळतो. त्या आवळण्याला क्षणभर लागतो. जास्त सरकत असेल तर मात्र दाखवून घ्या. घरी एक सोपी परीक्षा आहे. शांत खोलीत जॉयस्टिक हळूच पुढे ढकला. दोन्ही बाजूंच्या मोटरींतून ‘टक’ असा आवाज आला पाहिजे, सोडल्यावर पुन्हा. एकाच बाजूने आला तर दुसऱ्या बाजूचा ब्रेक किंवा त्याची वायर बघायला हवी.

चढताना सरळ, अंग किंचित पुढे. तिरकं चढणं नाही, रॅम्पच्या मध्यावर वळणं नाही. उतरताना सर्वांत कमी वेग. वेग वाढला असं वाटलं तर घाबरून स्विच बंद करू नका, फक्त जॉयस्टिक सोडा. स्विच बंद केला की खुर्ची गचकन थांबते आणि माणूस पुढे फेकला जातो. पट्टा बांधलेला असावा हे वेगळं सांगत नाही.

आणि ती पिशवी! दादरच्या मंडईतून आणलेली भाजी, पाण्याच्या बाटल्या, सगळं खुर्चीच्या पाठीला लटकवलेलं असतं. सपाट रस्त्यावर काही कळत नाही. चढावर वजनाचा मध्य मागे सरकलेलाच असतो, त्यात पाच किलो मागे लटकले की पुढची चाकं उचलतात. पिशवी मांडीवर किंवा सीटखाली ठेवा. मागच्या बाजूला जमिनीलगत जी दोन छोटी चाकं असतात, ती खुर्ची मागे कलंडू नये म्हणून असतात. लिफ्टच्या उंबऱ्याला अडकतात म्हणून लोक ती काढून ठेवतात. कृपा करून काढू नका.

आता ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते. मोटरीपाशी एक लिव्हर असते, बहुतेक रंगीत. ती फिरवली की मोटर चाकापासून सुटते आणि खुर्ची हाताने ढकलता येते. बॅटरी संपली किंवा टेम्पोत चढवायची असली तर उपयोगी. पण ती सुटलेली असताना ब्रेकही सुटलेला असतो. एका रुग्णालयात वॉर्डबॉयने रिकामी खुर्ची लिफ्टमध्ये ढकलायला लिव्हर सोडली, वर नेऊन पेशंटला बसवलं आणि लिव्हर परत लावायचं विसरला. बाहेरच्या उतारावर त्या गृहस्थांनी जॉयस्टिक हलवली तर खुर्ची ऐकेना, आणि आपसूक निघाली ती उभ्या स्कूटरवर जाऊन थांबली. हात मोडला नाही हे नशीब. काही खुर्च्या अशा वेळी दिवा लुकलुकवून इशारा देतात, काहींत मोटर नुसतीच घुमते. तुमच्या घरातल्या प्रत्येकाला, कामवाल्या मावशींना, वॉचमनलासुद्धा ती लिव्हर दाखवा आणि सांगा: उतारावर तिला हात लावायचा नाही, आणि बाबा बसायच्या आधी ती लागलेली आहे हे बघायचं.

पलंगावरून खुर्चीत किंवा खुर्चीतून पलंगावर जाताना क्रम एकच: आधी स्विच बंद, मग पायांच्या पाट्या वर किंवा बाजूला, मग उठणं. स्विच चालू राहिला आणि उचलणाऱ्याच्या ओढणीचं टोक किंवा बाही जॉयस्टिकला अडकली की खुर्ची सरकते, आणि माणूस नेमका अधांतरी असतो. पाटीवर पाय देऊन उभं राहिलं तर अख्खी खुर्ची पुढे उलटते. उचलायला चौघे आले की त्यांना आर्मरेस्ट धरू देऊ नका, ते निघणारे असतात, हातात येतात. सांगाड्यालाच धरायचं. त्याआधी बॅटऱ्या काढा, एकेक दहा-बारा किलोची असते.

जुन्या इमारतीतली लिफ्ट असेल तर दारावरची पाटी वाचा. चार माणसांची लिफ्ट म्हणजे २७२ किलो. ८० किलोची खुर्ची, ७० किलोचे बाबा आणि सोबतचं एक माणूस, इतकं बसतं. दुसरं माणूस जिन्याने. लिफ्ट मजल्यापेक्षा इंचभर वर थांबली तर उंबऱ्यावर सरळच जा, तिरकं गेलं तर पुढचं चाक फटीत अडकतं. आत गेल्यावर स्विच बंद.

पाऊस. रिमझिम असेल आणि रस्ता दिसत असेल तर जाऊ द्या, चार महिने माणसाला घरात कोंडून ठेवता येत नाही. खुर्चीचा सगळ्यात नाजूक भाग जॉयस्टिक. तिच्या मुळाशी रबराची एक घडीची टोपी असते. ती फाटली की पाणी थेट आत. दर आठवड्याला बोटाने चाचपा, फाटलेली दिसली तर ताबडतोब बदला, फार महाग नसते. बाहेर जाताना वर जाड पारदर्शक प्लास्टिक बांधा, हात आत जाईल एवढं सैल. भाजीची पातळ पिशवी बोटांत गुंतते. बाबांचा रेनकोट चाकांपर्यंत लोंबकळणार नाही असा शिवून घ्या.

साचलेल्या पाण्यात मात्र नाही. बॅटरीची पेटी आणि मोटरी जमिनीपासून काही इंचांवर असतात. हिंदमाता, किंग्ज सर्कल, मिलन सबवे ही पाणी तुंबणारी ठिकाणं सगळ्यांना ठाऊक आहेत, पण तुमच्या गल्लीचा खड्डा तुम्हालाच माहीत. रस्ता दिसेनासा झाला की खुर्ची पुढे नाही, मग पाणी चार इंच का असेना. ऑगस्ट २०१७ च्या पावसात एल्फिन्स्टनजवळ एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये गेले, आणि ते पायी होते. खुर्चीतल्या माणसाला पाय पुढे टाकून चाचपायचीही सोय नसते.

भिजलीच तर स्विच बंद करा आणि पहिला मोह आवरा, चार्जिंगला लावू नका. कोरड्या कापडाने पुसा, गादी काढा, पंख्याखाली निदान एक पूर्ण दिवस ठेवा. ड्रायरची गरम हवा नको. दादर चौपाटीला किंवा वरळी सी फेसला भरतीचे शिंतोडे उडाले असतील तर गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने आधी मीठ पुसा, मग कोरडं. खाऱ्या हवेने बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड येते. महिन्यातून एकदा ती साफ करून व्हॅसलीनचा पातळ हात द्या. आणि इमारतीत गाड्या धुणारा मुलगा प्रेमाने म्हणेल, “काका, खुर्चीपण पाइपने धुऊन देतो.” त्याचे आभार माना आणि नको म्हणा. अशी एक चकाचक धुतलेली खुर्ची माझ्याकडे आली होती, कंट्रोलर, म्हणजे मोटरींना हुकूम देणारा इलेक्ट्रॉनिक डबा, बदलावा लागला.

बाकी देखभाल थोडकीच. पुढच्या छोट्या चाकांच्या आसात केस आणि धागे गुंडाळले जातात, पार्काची लाल माती त्यात घट्ट बसते. पंधरा दिवसांतून एकदा कात्रीने कापून काढा. आर्मरेस्टचे नि सीटचे बोल्ट हलवून बघा. किरकिर आली म्हणून ब्रेकवर किंवा जॉयस्टिकवर तेलाचा फवारा मारू नका. वर्षातून एकदा मोटरीचे कार्बन ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारे नि घासून झिजणारे तुकडे, तपासून घ्या. पॅनेलवरचे दिवे लुकलुकू लागले तर किती वेळा लुकलुकतात ते मोजा, अर्थ पुस्तिकेत असतो. निम्म्या वेळा कारण एवढंच निघतं की चार्जरची पिन लागलेली राहिली आहे, किंवा चालू करताना जॉयस्टिकवर हात होता. बंद करून हात काढा आणि पुन्हा चालू करा.

फिरण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. एवढ्या जड खुर्चीला लोकलच्या फलाटाची फट झेपणारी नाही, दिव्यांग डबा असला तरी. मेट्रोची ॲक्वा लाइन ऑक्टोबर २०२५ पासून थेट कफ परेडपर्यंत जाते, दादर स्टेशन तुम्हाला जवळ आहे, लिफ्ट आहेत, बाबांना घेऊन जा. फुटपाथवर लोखंडी खांब रोवलेले असतात, त्यांची २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती, तरी काही ठिकाणी अजून अडतंच. मग रस्त्यावर उतरावं लागतं. बसलेला माणूस बसच्या ड्रायव्हरला दिसत नाही, म्हणून मागे चमकणारी पट्टी आणि उंच काठीवर भगवा, लाल, कुठलाही भडक कपडा लावा.

बसायची मापं, गादी आणि पाठीला फोड येऊ नयेत म्हणून दर थोड्या वेळाने अंगाचा भार कसा बदलायचा, हे माझं क्षेत्र नाही. हाजी अलीला शारीरिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची केंद्र सरकारची संस्था १९५५ पासून आहे, तिथल्या ऑक्युपेशनल थेरपिस्टना बाबांना खुर्चीसकट दाखवा. मी एवढंच बघतो की गादी उलटी घातलेली नाही ना. दहातल्या दोन-तीन तरी उलट्या असतात.

रॅम्पची उंची-लांबी आणि बॅटरीवर छापलेली तारीख मला कळवा. खुर्ची तुमच्याकडे यायच्या आधी गोदामात वर्षभर उभी असेल, तर त्या बॅटऱ्या जानेवारीतच अर्ध्या झालेल्या होत्या आणि दुकानदाराशी बोलायला तुमच्याकडे कारण आहे. तोवर नव्या बॅटऱ्या घेऊ नका.